चौकोनाबाहेरचा मुलगा

कलावंतांची टिंगल हा सिनेमाचा जुना छंद आहे. १९५९ साली अमेरिकेत रॉजर कॉर्मनने 'अ बकेट ऑफ ब्लड' नावाचा एक स्वस्तातला चित्रपट काढला. त्यात कॉफीच्या दुकानात टेबले पुसणारा एक बावळट तरुण मेलेल्या मांजरावर माती थापतो आणि एका रात्रीत थोर शिल्पकार ठरतो. पुढे मांजराच्या जागी माणसे येतात, तरी जाणकारांच्या तोंडची स्तुती काही आटत नाही. १९६१ मध्ये इंग्लंडात टोनी हॅनकॉकचा 'द रेबेल' आला. त्यातला लंडनचा कारकून पॅरिसला जातो आणि आपल्या पोरकट चित्रांच्या जोरावर एका नव्या पंथाचा गुरू होऊन बसतो. या सगळ्या थट्टेची चाल एकच. राजा नागडा आहे हे दरबारात सगळ्यांना दिसते, बोलण्याची छाती कुणाची होत नाही. प्रेक्षकाला मात्र अंधारात बसून ते मनातल्या मनात म्हणता येते आणि तेवढ्यापुरता तो दरबाऱ्यांपेक्षा शहाणा ठरतो. तिकिटाच्या पैशात एवढे शहाणपण मिळत असेल तर ते कुणाला नको आहे?

चित्र आणि शिल्प यांची टिंगल करताना दिग्दर्शकाला थोडी तरी मेहनत घ्यावी लागते. वाईट चित्र वाईट आहे हे दाखवण्यासाठी आधी ते काढून घ्यावे लागते. परफॉर्मन्स आर्टने ती अडचणही दूर केली. १९६०-७० च्या दशकांत युरोप-अमेरिकेत हा प्रकार रुजला. कॅनव्हास नाही, दगड नाही, पाठ केलेले नाटकही नाही. कलावंताचा देह, ठरवलेली एखादी कृती, ठरवलेला वेळ आणि समोर उभी असलेली माणसे, एवढ्याच भांडवलावर कलाकृती उभी राहते आणि वेळ संपली की विरून जाते. असा देह बाजूने, संदर्भ तोडून, दहा सेकंद दाखवला की तो हास्यास्पद दिसतोच. खरे म्हणजे नमाज पढणारा किंवा प्रेतापाशी ऊर बडवणारा माणूसही, त्यातले काही ठाऊक नसलेल्या परक्याला काच लावलेल्या खिडकीतून आवाजाविना दिसला, तर विचित्रच वाटेल.

इटलीच्या पावलो सोरेंतिनोच्या 'द ग्रेट ब्यूटी' (२०१३) या चित्रपटात असा एक प्रसंग आहे. रोमजवळच्या प्राचीन जलसेतूच्या मैदानात एक विवस्त्र कलावंत बाई धावत जाऊन दगडी खांबावर डोके आपटते. रक्त येते. गवतावर बसलेली प्रतिष्ठित मंडळी टाळ्या वाजवतात. मग चित्रपटाचा नायक, एक मुरलेला आणि कंटाळलेला पत्रकार, तिची मुलाखत घ्यायला बसतो. मी कंपनांवर जगते, असे ती सांगते. कंपन म्हणजे काय, एवढेच तो पुन्हा पुन्हा विचारतो. तिला सांगता येत नाही. ती चिडते, रडकुंडीला येते. आम्हीही हसलो. प्रश्न सरळ होता आणि उत्तर नव्हते, म्हणजे बाई ढोंगी, हिशेब चुकता झाला.

पण त्याच चित्रपटात पुढे एक लहान मुलगी येते. श्रीमंतांची मेजवानी चालू आहे आणि तिला खेळातून ओढून आणून भल्यामोठ्या कॅनव्हासपुढे उभे केले जाते. ती किंचाळत, रडत रंगांचे डबे कॅनव्हासवर फेकते आणि पाहुणे हातात पेले घेऊन ते बघत राहतात. नायकाबरोबर आलेली स्त्री कासावीस होते, पोर रडते आहे म्हणते. नायकाचे उत्तर तयार असते, ही पोर लाखोंनी कमावते. इथे मात्र आम्हाला हसता आले नाही. मघाचा हुशार पत्रकार, ज्याच्या बाजूने आम्ही हसलो होतो, तोच आता रडणाऱ्या मुलीकडे पाहून हिशेब सांगतो आहे. त्याची हुशारी दोन्हीकडे सारखीच होती. आम्ही मात्र एका ठिकाणी तिला दाद दिली आणि दुसऱ्या ठिकाणी शरमिंदा झालो. असे का व्हावे, या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला आणि त्यातूनच हे लिहावेसे वाटले.

इथे आमच्या वाचकांपैकी काहीजण मनात म्हणतील, की असल्या नंग्या नाचाची चर्चा आपण कशाला करावी? आपल्या समाजात तस्वीर आणि तमाशा या दोहोंविषयी आधीच अढी आहे. त्यामुळे पडद्यावर आधुनिक कलेची फजिती झाली की आपल्याला आतून एक समाधान मिळते, बघा, आम्ही म्हणतच होतो. या समाधानापासून आम्ही थोडे सावध राहावे म्हणतो. कुरआनाच्या सूरह अल-हुजुरातमध्ये एका जमातीने दुसऱ्या जमातीची आणि स्त्रियांनी दुसऱ्या स्त्रियांची थट्टा करू नये असे बजावले आहे. लहानपणी मदरशात शिकवताना हे साधे शिष्टाचाराचे कलम वाटते. पण तिथे जे कारण दिले आहे ते नीट वाचण्याजोगे आहे. ज्यांची थट्टा चालली आहे ते थट्टा करणाऱ्यांपेक्षा चांगले असू शकतील, असे ते कारण. त्यांचे मन दुखावेल ही बाब तिथे पुढे केलेली नाही. थट्टेकऱ्याला समोरच्याची पुरती माहिती नसते आणि तरी तो स्वतःची पायरी वरची धरून चालतो, यावर तिथे बोट ठेवले आहे.

मग थट्टा हरामच ठरवायची काय? तसे आम्हाला म्हणवत नाही. आपल्या तमाशातला सोंगाड्या भर फडात राजाची आणि पाटलाची फजिती करतो तेव्हा तो मोठेच काम करत असतो. पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या जोरावर कुणी इतरांना अडाणी ठरवू लागला तर त्याला टाचणी लावायलाच हवी. आणि कलेच्या बाजारात असे फुगे थोडे नाहीत. मॉरित्सिओ कातेलान या इटालियन कलावंताने भिंतीला चिकटपट्टीने लावलेले केळे २०१९ साली मायामीत १,२०,००० डॉलरला विकले गेले आणि त्याच कृतीची एक प्रत २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात ६२ लाख डॉलरपर्यंत गेली. विकत घेणाऱ्याने ते केळे काही दिवसांनी पत्रकारांसमोर खाऊन दाखवले. ते केळे मुळात ज्या हातगाडीवरून आणले होते तिथे ते ३५ सेंटला मिळत होते आणि गाडीवर उभा होता एक वृद्ध बांगलादेशी फळविक्रेता. यापुढे पडद्यावरच्या विडंबनकाराने आणखी काय रचावे?

तेव्हा थट्टा करावी, पण ती कुणाची? प्रश्न इथे येऊन अडतो, कारण कॅमेऱ्याला बाहेरचेच दिसते. ढोंगी देह आणि खरा देह बाहेरून सारखेच दिसतात.

आमच्या जवळचे उदाहरण देतो. रुम्माना हुसेन यांचे नाव आपल्या साहित्यवर्तुळात फारसे घेतले जात नाही. बंगळूरला १९५२ साली जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या या चित्रकार. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली, पाठोपाठ मुंबई पेटली, आणि तोवर कॅनव्हासवर रंगवणाऱ्या या बाईंना तो कॅनव्हास पुरेनासा झाला. फुटलेल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे त्या आरशावर मांडू लागल्या. १९९५ साली मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या आवारात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' हे सादरीकरण केले. पायांत घुंगरू, हातांत मधोमध कापलेली पपई, तोंड किंकाळीसाठी उघडावे तसे उघडलेले आणि त्यातून आवाज नाही. अशा अवस्थेत त्या चालत राहिल्या. १९९९ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. भारतात आपल्या देहानेच कलाकृती करणाऱ्या पहिल्या काही कलावंतांमध्ये आज त्यांची गणना होते.

आता या सादरीकरणाचे दहा सेकंद कापून एखाद्या विनोदी चित्रपटात घाला. तोंड वासून पपई हातात घेऊन फिरणारी बाई, भोवती गंभीर चेहऱ्याची शिकलेली मंडळी. सभागृहात हशा पिकेल. १९९३ च्या जानेवारीत ज्यांनी दाराला आतून कड्या लावून रात्री काढल्या त्यांना मात्र त्या न फुटणाऱ्या किंकाळीबद्दल काही समजावून सांगावे लागणार नाही. याचा अर्थ दंगलीचे नाव घेतले की कोणतीही कलाकृती थोर होते, असा मुळीच नाही. दुःखाचे भांडवल करणारे कलावंतही आम्ही पाहिले आहेत, आणि साहित्यिकही. मुद्दा एवढाच, की आमच्या हशाला त्या बाईंची काहीच माहिती नसती. सोरेंतिनोच्या पत्रकाराने त्यांनाही विचारले असते, पपई म्हणजे काय? आणि कदाचित त्यांनाही त्याच्या समाधानापुरते उत्तर देता आले नसते. जे सांगता आले असते ते सांगून मोकळे होण्यासाठी भाषा होतीच की त्यांच्याजवळ.

ही अडचण ओळखून केलेला एक चित्रपट म्हणून स्वीडनच्या रुबेन ओस्टलुंडच्या 'द स्क्वेअर'कडे आम्ही पाहतो. २०१७ साली कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. स्टॉकहोमच्या राजवाड्यात आधुनिक कलेचे संग्रहालय थाटले आहे अशी त्यात कल्पना आहे. संग्रहालयाचा प्रमुख क्रिस्तियान देखणा, सुसंस्कृत, पुरोगामी. अंगणातला घोडेस्वाराचा जुना पुतळा उतरवताना त्याचे डोके गळून पडते आणि त्या जागी नवी कलाकृती येते. फरसबंदीवर उजेडाच्या रेघेने आखलेला चौकोन. या चौकोनात उभ्या असलेल्या सर्वांचे हक्क आणि कर्तव्ये समान, इथे कुणीही मदत मागितली तर ती देणे बंधनकारक, असा त्याचा करार. ही कल्पना दिग्दर्शकाने टिंगलीसाठी रचलेली नाही. चित्रपटाच्या आधी त्याने आणि त्याच्या निर्मात्याने असा चौकोन स्वीडनमधल्या वार्नामू गावच्या संग्रहालयात खरोखर मांडला होता. ज्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता तीच वस्तू त्याने उपहासाच्या मध्यभागी ठेवली आहे, म्हणून त्याचा उपहास आम्हाला प्रामाणिक वाटतो.

नेहमीचे विनोद यात आहेतच. एका दालनात खडीचे ढिगारे मांडले आहेत आणि सफाईचे यंत्र त्यातली थोडी खडी गिळून टाकते. क्रिस्तियान म्हणतो, छायाचित्र बघून परत ओता, कुणाला सांगू नका. असे खरोखर घडते. २०१५ साली इटलीतल्या बोलत्सानो शहरात मेजवानीनंतरच्या रिकाम्या बाटल्यांचे मांडणशिल्प सफाई कामगारांनी कचरा समजून उचलले होते. या बातमीवर जगभर लोक हसले. त्या हसण्यात सफाई करणाऱ्या बाईला भोळी शहाणी ठरवले जाते आणि तिचे काम तिथेच संपते. तिला पगार किती, ती कुठून आली, हे विनोदाला लागत नाही.

चित्रपटातला गाजलेला प्रसंग मेजवानीचा. झुंबरांच्या दालनात देणगीदार जेवायला बसले आहेत. ध्वनिक्षेपकावरून सूचना होते की आता एक हिंस्र पशू येईल. भीती दाखवली तर तो हेरेल, पण कळपात निश्चल राहिलात तर तो दुसऱ्या कुणाला तरी धरील. मग उघड्या अंगाचा एक कलावंत वानराच्या चालीने आत येतो. वानरांच्या चित्रपटांत देहबोलीचे काम केलेल्या टेरी नोटरीने ही भूमिका केली आहे. पाहुणे आधी हसतात. तो एका नामवंत कलावंताला छळून दालनाबाहेर पिटाळतो, तेव्हा हसू कमी होते. क्रिस्तियान टाळ्या वाजवून खेळ संपवू पाहतो. खेळ संपत नाही. तो टेबलावर चढतो आणि एका तरुणीचे केस धरून तिला फरफटत नेतो. ती मदतीसाठी हाका मारते आहे आणि शेकडो माणसे आपापल्या ताटाकडे पाहत बसली आहेत. हीच माणसे परस्परविश्वासाच्या चौकोनाला देणगी द्यायला आलेली. शेवटी एक म्हातारा उठून धावतो, मग इतरांना धीर येतो आणि सारे मिळून त्या एकट्याला बेदम बडवतात, मारून टाका म्हणून ओरडतात.

यामागेही खरी घटना असल्याचे जाणकार ओळखतात. १९९६ साली स्टॉकहोमच्याच एका प्रदर्शनात ओलेग कुलिक हा रशियन कलावंत साखळीने बांधलेला कुत्रा होऊन बसला होता. जवळ येणाऱ्यांना तो खरोखर चावला आणि पोलिसांना यावे लागले. आम्हाला मात्र या प्रसंगात कुलिकपेक्षा मरिना अब्रामोविच आठवते. १९७४ साली नेपल्समध्ये तिने टेबलावर ७२ वस्तू ठेवल्या. गुलाब, पीस, मध, कात्री, शस्त्रक्रियेची सुरी, पिस्तूल आणि एक गोळीसुद्धा. सहा तास मी वस्तू आहे, यातले काहीही माझ्यावर वापरा, जबाबदारी माझी, असे तिने जाहीर केले. सुरुवातीला लोक लाजत होते. नंतर तिचे कपडे कापले गेले, कातडीला जखमा झाल्या, भरलेले पिस्तूल तिच्यावर रोखले गेले. सहा तास संपले आणि ती चालू लागली तेव्हा जमलेली मंडळी पळून गेली. जिला वस्तू समजून वागवले तिच्या नजरेला नजर देणे त्यांना झेपले नाही.

२०१० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हीच बाई महिनोन्महिने एका खुर्चीत न बोलता बसून राहिली आणि समोरच्या खुर्चीत कुणीही येऊन बसावे असे ठेवले, तेव्हा रांगा लागल्या. २०१९ मध्ये केट ब्लँचेटने 'वेटिंग फॉर द आर्टिस्ट' या अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या भागात तिचे खुसखुशीत विडंबन केले. ते मजेदार आहे, त्यात आकस नाही. पण ते न्यूयॉर्कच्या प्रसिद्धीचे विडंबन आहे, म्हणून हसता येते. नेपल्सच्या त्या सहा तासांचे विडंबन कसे करणार? तिथे हास्यास्पद झाले होते ते बघे.

'द स्क्वेअर'ची आम्हाला सर्वाधिक लागलेली गोष्ट मात्र संग्रहालयाच्या बाहेर घडते. क्रिस्तियानचा फोन आणि पाकीट भर चौकात चोरीला जाते. फोन कुठे आहे हे संगणकावर दिसते, शहराच्या कडेची गरिबांची एक उंच इमारत. घर नेमके कोणते ते कळत नाही. मग तो काय करतो, तर धमकीचे एक पत्र लिहून त्या इमारतीतल्या प्रत्येक दारात टाकतो. तू चोर आहेस, मला ठाऊक आहे, वस्तू परत कर. फोन परत मिळतो आणि तो खुश होतो. त्या पत्राने एका घरात एका लहान मुलाला त्याच्या आईबापांनी चोर ठरवले, शिक्षा केली. तो मुलगा क्रिस्तियानला शोधून काढतो. त्याची मागणी एकच, माझ्या घरी येऊन सांगा की मी चोर नाही.

एका गुन्ह्यासाठी सगळ्या इमारतीच्या दारात पत्र टाकणे म्हणजे काय, हे आम्हाला स्वीडनला जाऊन शिकावे लागत नाही. शहरात कुठे स्फोट झाला की पत्ता सांगताना मोहल्ल्याचे नाव घ्यावे की जवळच्या स्टेशनचे, याचा विचार करणारी माणसे आमच्या ओळखीची आहेत. भाड्याने घर बघायला गेल्यावर नाव सांगताच ती खोली आधीच दिली गेली आहे असे ज्यांना ऐकावे लागते त्यांच्याही दारात हेच पत्र पडलेले असते. फक्त त्याखाली सही नसते.

आणि क्रिस्तियान काही दुष्ट माणूस नाही. तो गोड बोलतो, रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना कधी देतो, कधी टाळतो. समतेवर भाषण देण्यापूर्वी आरशासमोर सराव करतो. मुलगा जिन्यात ओरडत राहतो, झटापटीत पडतो, अंधारातून मदतीची हाक येत राहते आणि हा दार लावून घेतो. मेजवानीत ताटात पाहणारे आणि हा, यांत आम्हाला फरक दिसत नाही. पुढे चौकोनाच्या जाहिरातीत सोनेरी केसांच्या भिकारी मुलीला स्फोटात उडवून दाखवतात आणि गहजब होतो. खोट्या मुलीसाठी सारा देश हळहळतो, पत्रकार परिषद होते, राजीनामा दिला जातो. जिन्यातल्या खऱ्या मुलासाठी कुणी पत्रकार परिषद घेत नाही. चित्रपटभर आपल्याला त्याचे नावसुद्धा कळत नाही. हा दिग्दर्शकाचा डाव असेल किंवा त्याच्याही नजरेची मर्यादा. आम्ही दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. थट्टा कितीही प्रामाणिक असली तरी ती आपल्या वर्गातल्या माणसांबद्दल जेवढे जाणते तेवढे जिन्यातल्या मुलाबद्दल जाणत नाही, आणि न जाणताच त्याचा उपयोग करून घेते.

क्रिस्तियानला पश्चात्ताप होतो. रात्री पावसात तो इमारतीच्या कचऱ्याचे ढीग उपसून मुलाच्या फोनचा आकडा शोधतो. मुलगा फोन घेत नाही म्हणून स्वतःचे माफीचे चित्रण करतो. पहिली काही वाक्ये सरळ आहेत, मी तुझ्यावर अन्याय केला, चूक माझी. मग हळूहळू वाक्ये लांबत जातात. समाजाची रचना, संपत्तीची वाटणी, आपणा सर्वांचे पूर्वग्रह, हे एकट्याने सुटणारे प्रश्न नाहीत वगैरे. मुलगा आणि त्याचे आईबाप बाजूला राहतात आणि व्याख्यान सुरू होते. संग्रहालयाच्या भिंतीवर कलाकृतीशेजारी जो मजकूर लावतात त्याच भाषेत. बाकी सगळ्या चित्रपटात या भाषेला आपण हसलेलो असतो. इथे हसू येत नाही, कारण यातले एकही वाक्य खोटे नाही.

शेवटी तो आपल्या दोन्ही मुलींना बरोबर घेऊन त्या इमारतीत जातो. मजल्यामागून मजला चढून एक दार ठोठावतो. शेजारचा माणूस सांगतो, हो, असा एक मुलगा होता, ते लोक घर सोडून गेले. कुठे गेले ते त्याला ठाऊक नाही. मुली बापाकडे बघतात. गाडीत परत येताना कुणी काही बोलत नाही.